प्रवाळद्वीपांवरील सागरी जीवनिरीक्षण

उष्ण कटिबंधातील प्रवाळद्वीपे व प्रवाळभित्ती यांच्या परिसरातील मासे आणि इतर सागरी प्राणी यांचे त्यांच्या स्वाभाविक निवासस्थानी केलेले अवलोकन व त्याच्या नोंदी. प्रवाळभित्तींनी व्यापलेले क्षेत्र सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे; तरी ज्ञात सागरी जीवजातींपैकी सु. एक चतुर्थांश जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत त्यांचा आश्रय घेतात, असे मानले जाते. प्रवाळांना लागणारे पाणी उथळ, उबदार व स्वच्छ असल्याने हे जीवन नुसत्या डोळ्यांनी दिसू शकते. असे असूनही त्याच्या पद्धतशीर निरीक्षणाचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे. त्यापूर्वीचे प्रवाळमाशांविषयीचे ज्ञान मुख्यतः जाळ्यातून, बाजारातून किंवा मद्यार्काच्या बरणीतून मिळालेले होते.

निरीक्षक जेथे उभा राहिला, त्यानुसार त्याला काय दिसले हे ठरत गेले. नौकेच्या तक्तपोशीवरून समुद्राची खोली व तळाचे स्वरूप कळले. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवरून शिंपले, खेकडे व प्रवाळ यांची ओळख झाली. मत्स्यालयाच्या काचेतून माशांचे रंग दिसले. आणि माणूस स्वतः पाण्यात उतरल्यावर त्यांचे वर्तन समजले. भारतीय समुद्रात शेवटची पायरी उशिरा गाठली गेली. प्रवाळभित्तींचा ऱ्हास त्यानंतर थोड्याच वर्षांत ठळकपणे जाणवू लागला, त्यामुळे या इतिहासातील जुन्या याद्यांना आणि नोंदींना विशेष मोल आले आहे. [⟶ प्रवाळ, प्रवाळद्वीपे व प्रवाळशैलभित्ती].

पारंपरिक ज्ञान : शास्त्रीय अभ्यास सुरू होण्यापूर्वी या जीवनाची सर्वांत बारीक माहिती मच्छीमारांना होती. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर कुप्या (ट्यूना) माशांची गळाने पकड करण्याची जुनी पद्धत आहे. तीत जिवंत आमिष लागते. हे आमिष म्हणजे खारकच्छातील प्रवाळांच्या आसपास राहणारे लहान मासे होत. कोणते मासे शाखायुक्त प्रवाळांत लपतात, कोणते वाळूवर थव्याने फिरतात, कोणत्या ऋतूत ते विपुल असतात आणि पकडल्यावर कोणते अधिक काळ जगतात, हे आमिष गोळा करणाऱ्यास माहीत असावे लागे. पकडलेले मासे जिवंत ठेवण्यासाठी होडीच्या तळाशी छिद्रे असलेला कप्पा असे व त्यातून समुद्राचे पाणी सतत खेळत राही. कोकणच्या किनाऱ्यावरही खडपातील गोब्रा, तांबोशी, शेवंड, कालवे इत्यादींची ठिकाणे आणि उधाण व भांग यांनुसार बदलणारे त्यांचे मिळणे कोळी, गाबीत इ. समाजांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. हे ज्ञान तोंडी राहिले. ते लिहून ठेवले गेले नसल्याने पूर्वी कोठे किती मासे होते, या प्रश्नाचे उत्तर देण्यास त्याचा फार थोडा उपयोग होऊ शकतो.

नौकेवरील सर्वेक्षणे : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील नौदलाने हिंदी महासागरातील बेटांचे नकाशे तयार केले. कॅप्टन रॉबर्ट मोर्झबी यांनी १८३४–३६ मध्ये केलेली मालदीवची पाहणी त्यांत महत्त्वाची आहे. खोली मोजण्यासाठी दोरीला शिशाचा ओळंबा बांधून तो पाण्यात सोडीत. त्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. चरबीला वाळू चिकटून आली, तर तळ वाळूचा आणि प्रवाळांचे ठसे उमटले, तर तळ जिवंत प्रवाळांचा, असे अनुमान करीत. चार्ल्‌स डार्विन (१८०९–८२) यांनी प्रवाळभित्तींच्या रचनेवरील आपल्या ग्रंथात (१८४२) मालदीवविषयीच्या विवेचनासाठी मोर्झबी यांच्या नकाशांचा आधार घेतला. ते स्वतः मालदीव किंवा लक्षद्वीप येथे आले नव्हते.

डार्विन यांनी प्रत्यक्ष पाहिलेले प्रवाळद्वीप म्हणजे हिंदी महासागरातील कोकोस (कीलिंग) बेटे. तेथे ते १८३६ च्या एप्रिलमध्ये गेले होते. पोपट मासे (स्केरस वंश) प्रवाळ खातात, असे त्यांना तेथील एका रहिवाशाने सांगितले; प्रवाळांच्या शेंड्यांवर या माशांचे थवे चरताना त्याने अनेकदा पाहिले होते. डार्विन यांनी काही मासे चिरून पाहिले, तेव्हा त्यांच्या आतड्यांत पिवळसर चुनखडीयुक्त वाळूचा चिखल भरलेला आढळला. त्या काळातील निरीक्षणाची मर्यादा व चिकाटी या दोन्ही गोष्टी या प्रसंगात दिसतात. प्रवाळ व त्यावरील शैवले खरवडून त्यांची वाळू करण्याचे पोपट माशांचे कार्य प्रवाळद्वीपांच्या घडणीत महत्त्वाचे असते, हे पुढील अभ्यासांनी दाखवून दिले.

भारतातील माशांचे वर्गीकरण करण्याचे मोठे काम फ्रान्सिस डे (१८२९–८९) या लष्करी वैद्याने केले. त्यांचा भारतीय माशांवरील सचित्र ग्रंथ १८७५–७८ या काळात प्रसिद्ध झाला. तथापि बरणीतील नमुन्यांवर आधारलेल्या वर्गीकरणात प्रवाळमाशांच्या बाबतीत एक अडचण होती. मद्यार्कात ठेवलेल्या माशाचे तांबडे, पिवळे व हिरवे रंग लवकर नाहीसे होतात. शिवाय पोपट माशांसारख्या गटांत पिलू, मादी व नर यांचे रंग इतके भिन्न असतात की, एकाच जातीच्या निरनिराळ्या अवस्थांना स्वतंत्र जाती समजून वेगवेगळी नावे देण्यात आली. ही गुंतागुंत जिवंत माशांचे निरीक्षण झाल्यावरच सुटू लागली.

मुंबईच्या गोदीत बांधलेल्या इन्व्हेस्टिगेटर या सर्वेक्षण नौकेवर आल्फ्रेड विल्यम ॲलकॉक (१८५९–१९३३) हे १८८८–९२ या काळात वैद्य व प्रकृतिवैज्ञानिक म्हणून काम करीत होते. हिंदी समुद्रांतील आपल्या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वर्णन १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले. नौकेचा मुख्य भर खोल समुद्रावर असला, तरी बेटांच्या किनाऱ्यावरील प्राण्यांचीही नोंद त्यात आली आहे.

ओखामंडळाची पाहणी : प्रवाळयुक्त किनाऱ्याचा अभ्यास एखाद्या भारतीय संस्थानाने करवून घेतल्याचे एक प्रारंभीचे उदाहरण बडोदे संस्थानात आढळते. महाराजा सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांचा जन्म समुद्रापासून दूर, नासिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला होता. त्यांच्या राज्यात काठेवाडच्या पश्चिम टोकाचा ओखामंडळ हा प्रदेश मोडत असे. द्वारका आणि बेट शंखोद्धार ही तीर्थक्षेत्रे याच भागातील होत. तेथील मोत्याचे कालव, शंख इत्यादींपासून राज्याला उत्पन्न मिळण्याची शक्यता तपासण्यासाठी जेम्स हॉर्नेल (१८६५–१९४९) या सागरी जीववैज्ञानिकांकडे पाहणीचे काम सोपविण्यात आले. ओखामंडळातील सागरी प्राण्यांविषयीचा त्यांचा अहवाल १९०९ व १९१६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. पाहणीचा हेतू व्यावहारिक असला, तरी अहवालाचा मोठा भाग शुद्ध प्राणिविज्ञानाचा आहे व त्यातील अनेक प्राणिगटांचे वर्णन त्या त्या विषयाच्या तज्ञांनी केलेले आहे.

कच्छच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर मोठे असल्याने मोठ्या ओहोटीला विस्तीर्ण खडक उघडे पडतात. पाण्यात न उतरता, चालत जाऊन जिवंत प्रवाळ, समुद्रपुष्पे, तारामीन, अष्टपाद व खळग्यांत अडकलेले मासे पाहता येतील अशी ठिकाणे भारतात थोडी आहेत. हा किनारा त्यांपैकी एक होय. याच आखातात गुजरात राज्याने १९८० नंतरच्या काळात सागरी अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. तेथील पिरोटन बेटावरील ओहोटीच्या वेळची भ्रमंती विद्यार्थ्यांच्या व निसर्गप्रेमींच्या परिचयाची आहे.

लक्षद्वीप : अरबी समुद्रातील लक्षद्वीप बेटे ही भारतातील खऱ्या अर्थाने कंकणद्वीपे होत. केंब्रिजचे प्राणिवैज्ञानिक जॉन स्टॅन्ली गार्डिनर (१८७२–१९४६) यांनी १८९९–१९०० मध्ये मिनिकॉय व मालदीव येथे मोहीम नेली. तिचे निष्कर्ष १९०१–०६ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झाले. बेटांची रचना, खारकच्छातील प्रवाह आणि निरनिराळ्या प्राणिगटांची सूची यांचा त्यांत समावेश आहे. हा संग्रह या बेटांच्या पुढील सर्व अभ्यासांचा पाया ठरला.

स्वातंत्र्यानंतर, १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने हे काम पुढे नेले. संस्थेचे एक संचालक एस्‌. जोन्स आणि एम्‌. कुमारन यांनी लक्षद्वीपमधील माशांवर लिहिलेला ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सु. ६०० जातींची वर्णने आहेत. फुलपाखरू मासे, पोपट मासे, शल्यक मासे, विदूषक मासे, गोब्रे इ. प्रवाळभित्तीवरील बहुतेक महत्त्वाचे गट त्यात आले असल्याने बेटांवर येणाऱ्या अभ्यासकास तो दीर्घकाळ आधारभूत ठरला. त्यावरून कोणती जाती तेथे आहे हे कळते. परंतु ती किती संख्येने आहे, हे कळत नाही. ही उणीव गणनेच्या पद्धती आल्यावर भरून निघू लागली.

मत्स्यालये : समुद्रात न जाणाऱ्या नागरिकाला जिवंत प्रवाळमासे दाखविण्याचे काम प्रथम मत्स्यालयांनी केले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. लक्षद्वीप बेटांवरील रंगीबेरंगी मासे हे तेथील मोठे आकर्षण होते. नासिक, पुणे, नागपूर यांसारख्या दूरच्या शहरांतून मुंबई पाहण्यास येणाऱ्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी विदूषक मासा व समुद्रपुष्प यांचे साहचर्य प्रथम येथेच पाहिले. मत्स्यालयाला जोडून असलेल्या सागरी जीववैज्ञानिक केंद्रात संशोधनही चाले. मुंबई राज्यातील सागरी खेकड्यांवरील बी. एफ्‌. छापगर यांचा ग्रंथ १९५७ मध्ये तेथून प्रसिद्ध झाला.

पाण्याखालील निरीक्षण : विल्यम बीब (१८७७–१९६२) या अमेरिकन निसर्गवैज्ञानिकांनी १९२७ मध्ये हैती बेटाजवळ तांब्याचे शिरस्त्राण घालून, वरून नळीने पुरविलेल्या हवेवर प्रवाळभित्तीचे निरीक्षण केले. ते पाण्याखालीच धातूच्या पत्र्यावर पेन्सिलीने टिपणे घेत. त्याच सुमारास, १९२६ मध्ये, डब्ल्यू. एच्‌. लाँग्ली व चार्ल्‌स मार्टिन यांनी फ्लॉरिडाजवळील ड्राय टॉर्टुगास येथे माशांची पाण्याखालील पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. झाक कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये स्वयंपूर्ण श्वसनयंत्र सिद्ध केल्यावर निरीक्षकाला वरच्या नळीची गरज उरली नाही. तो माशांच्या सोबत पोहू लागला.

या बदलामुळे ज्ञानात कशी भर पडली, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. प्रवाळभित्तीवर ठराविक जागी सफाई मासा (लॅब्रॉइडिस डायमिडिएटस) राहतो. मोठे मासे तेथे येऊन स्तब्ध होतात आणि तो त्यांच्या अंगावरील, तोंडातील व कल्ल्यांतील परजीवी खातो. ऑस्ट्रियन पाणबुडे हान्स हास यांच्या झारिफा या नौकेवरील १९५७–५८ च्या मोहिमेत मालदीव व निकोबार या बेटांचा समावेश होता. तीत सहभागी असलेले आयरेनॉयस आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी सफाई माशांबरोबरच त्यांच्यासारखाच दिसणारा दुसरा एक मासा (ॲस्पिडाँटस टीनिएटस) अभ्यासला. हा मासा रंग व पोहण्याची ढब यांत सफाई माशाची नक्कल करतो आणि विश्वासाने जवळ आलेल्या माशाच्या पराचा लचका तोडतो. बरणीत शेजारी ठेवलेल्या दोन नमुन्यांवरून साम्य कळले असते. त्या साम्याचा उपयोग कळला नसता. दुसरे उदाहरण लिंगपरिवर्तनाचे. सफाई माशाचा एक नर अनेक माद्यांसह राहतो. तो मेल्यास सर्वांत मोठी मादी काही तासांतच नराप्रमाणे वागू लागते व दोन-तीन आठवड्यांत पूर्णतः नर बनते, असे डी. आर्‌. रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील हेरन बेटावर केलेल्या निरीक्षणांवरून १९७२ मध्ये दाखविले.

गणनेची पद्धत व्हर्नन ब्रॉक यांनी हवाई बेटांवर बसविली व १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत तळावर ठराविक लांबीची दोरी टाकून पाणबुड्या तिच्या कडेने पोहतो आणि दोन्ही बाजूंच्या निश्चित रुंदीच्या पट्ट्यात दिसलेल्या प्रत्येक माशाची जाती व अंदाजे लांबी लिहितो. हीच पाहणी त्याच ठिकाणी काही वर्षांनी पुन्हा करता येत असल्याने वाढ व घट मोजणे शक्य झाले.

महाराष्ट्राचा किनारा : कोकणच्या किनाऱ्यावर विस्तृत प्रवाळभित्ती नाहीत. पावसाळ्यात नद्यांतून येणारे गोडे पाणी व गाळ प्रवाळांना मानवत नाही. या कारणास्तव येथे प्रवाळ असतील, याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) अभ्यासकांनी कर्नाटकातील मलपेच्या पश्चिमेस सु. १०० किमी. अंतरावर जिवंत प्रवाळांचा एक बुडित उंचवटा शोधला. तो गवेषणी या संशोधन नौकेच्या नावाने ओळखला जातो. त्याचे वर्णन १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी एस्‌. झेड्‌. कासिम व एम्‌. व्ही. एम्‌. वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली व त्यांत मालवणचा समावेश होता. ए. एच्‌. परुळेकर यांनी मालवणच्या सागरी प्राण्यांचे वर्णन १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९·१२ चौ. किमी. असून त्यापैकी ३·१८ चौ. किमी. गाभाक्षेत्र आहे. कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला (बांधकाम १६६४–६७) व पद्मगड यांच्या भोवतालचे खडक त्यात येतात. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध केला व हा प्रश्न अनेक वर्षे धुमसत राहिला.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. १०५ किमी. अंतरावर आंग्रिया बँक हा बुडित पठारी भाग आहे. मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे (१६६९–१७२९) यांचे नाव त्याला मिळाले आहे. त्याचा सर्वांत उथळ भाग सु. २० मी. खोलीवर असल्याने व किनाऱ्यापासून दूर पाणी स्वच्छ असल्याने तेथे प्रवाळांची वाढ चांगली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तेथे संस्थांची संयुक्त पाणबुडी मोहीम झाली. ज्या आरमाराच्या हालचालींनी या समुद्राचा इतिहास घडला, त्याच समुद्राच्या तळाची अशी पाहणी होण्यास सु. तीन शतके जावी लागली.

पर्यटन व निरीक्षण : अंदमान, लक्षद्वीप व मालवण येथे जलदर्शक मुखवटा व श्वासनळी लावून पृष्ठभागावरून प्रवाळ पाहण्याची सोय झाल्यावर सामान्य प्रवासीही निरीक्षक बनला. मालवण–तारकर्ली भागात हा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०११ नंतरच्या दशकात सिंधुदुर्ग जिल्ह्यात राबविलेल्या प्रकल्पातून स्थानिक तरुणांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण मिळाले. मच्छीमार कुटुंबांना यातून पूरक उत्पन्न मिळू लागले आणि खडपाविषयीचे त्यांचे जुने ज्ञान प्रवाशांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग निर्माण झाला.

या पर्यटनाचे दोषही आहेत. होडीचा नांगर प्रवाळांवर टाकल्यास आणि नवशिक्या पोहणाऱ्याने त्यांवर पाय ठेवल्यास अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. कारण घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंमी. किंवा त्याहून कमी वाढतात. पाव, बिस्किटे टाकून मासे जमविल्यास धीट व सर्वभक्षी जातींचीच गर्दी होते. लाजऱ्या जाती दूर जातात आणि प्रवाशाला भित्तीचे खोटे चित्र दिसते. सुमारे दहा मी. खोलीवर सूर्यप्रकाशातील तांबडा भाग बराचसा शोषला गेलेला असल्याने तांबडे मासे करडे दिसतात. रंगावरून जात ठरविताना हे लक्षात ठेवावे लागते. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा इत्यादींना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून नेणे हा गुन्हा आहे.

विरंजन व नोंदींचे महत्त्व : प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवले राहतात. प्रवाळांचे बहुतेक अन्न व त्यांचा रंग त्यांच्यापासून मिळतो. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे वाढलेले राहिले, तरी ही शैवले बाहेर पडतात व प्रवाळ पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. ही स्थिती लांबल्यास प्रवाळ मरतात. १९९८ च्या एल निन्योच्या वेळी लक्षद्वीपमधील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. त्यानंतर २०१०, २०१६ व २०२४ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. आगत्ती, कदमत व कवरत्ती या बेटांवर दीर्घकाळ चाललेल्या पाहणीनुसार जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मध्ये सु. ३७ टक्के होते, ते २०२२ पर्यंत सु. १९ टक्क्यांवर आले. प्रवाळांच्या शाखांत राहणारे व प्रवाळांवरच जगणारे मासे अशा वेळी प्रथम कमी होतात. पोपट मासे व शल्यक मासे मेलेल्या प्रवाळांवरील शैवले खरवडून नव्या प्रवाळांना जागा करून देतात. म्हणून त्यांची संख्या भित्तीच्या पुनरुज्जीवनाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

भारतातील बहुतेक प्रवाळभित्तींची पद्धतशीर गणना १९९८ च्या विरंजनाच्या सुमारास किंवा त्यानंतर सुरू झाली. त्यापूर्वीची स्थिती जाणून घेण्यासाठी हॉर्नेल, गार्डिनर, जोन्स व कुमारन, परुळेकर यांच्या याद्या हेच प्रमुख साधन आहे. त्या याद्यांत संख्या नाहीत. तरी एखादी जाती पूर्वी त्या ठिकाणी होती की नव्हती, याचा पुरावा त्यांतूनच मिळतो. अलीकडे अशा नोंदींत नागरिकांची भर पडू लागली आहे. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटातर्फे ओहोटीच्या वेळी सार्वजनिक भ्रमंती होतात व दिसलेल्या प्राण्यांची छायाचित्रे दिनांक-स्थळासह नोंदविली जातात. हाजी अली व वरळी येथे प्रवाळ असल्याचे सामान्य मुंबईकरांस अशा नोंदींतून कळले. किनारी रस्त्याच्या बांधकामामुळे, २०२० मध्ये, त्यांतील काही प्रवाळ-वसाहती दुसरीकडे हलविण्यात आल्या. बेटावर जाणाऱ्या प्रवाशानेही माशाचे नाव, संख्या, खोली, दिनांक व ठिकाण एवढे पाच तपशील टिपून ठेवल्यास ती नोंद पुढील अभ्यासकास उपयोगी पडू शकते.